शिंपिणीची गाठ

एका जंगलात, मुलांनो, एक बातमी अर्धीच ऐकू आली.

साळुंकीमावशी घरट्याबाहेर पंख वाळवत बसली होती. कुणाच्या भानगडीत पडायचा तिचा स्वभाव नव्हता. कान तेवढे उघडे होते. खालून दोन खारी चालल्या होत्या. एक म्हणाली, "अगं, शिंपिणीनं आज रानडुकराला टाक—"

तेवढ्यात धप्पकन फणस पडला. खारी पळाल्या.

"टाकलं?" मावशी उडालीच. "आज त्याच्या पोटाचं ऑपरेशन होतं ना? पोट उघडं टाकून पळाली की काय ही?"

शिंपीण म्हणजे चोचीनं पानं शिवून घरटं करते ना, तीच. मावशीच्या शेजारच्या फांदीवरची. अंड्यातून बाहेर आली ती शिवतच. पुढे जंगलाच्या मोठ्या इस्पितळात ऑपरेशन शिकायला गेली, आणि तीन वर्षांत तिला सुई काही मिळाली नाही. डॉक्टर करकोचे सरच कापायचे, सरच शिवायचे. शिंपिणीनं काजव्यांचा दिवा धरायचा.

आता परीक्षा जवळ आली होती. परीक्षेला बसायचं, तर वहीत 'स्वतः केले' या रकान्यात सरांची एक तरी सही हवी. शिंपिणीच्या सगळ्या सह्या 'उपस्थित होती' मध्ये. सही नाही, तर आणखी एक वर्ष दिवा.

इस्पितळाला शिकणाऱ्यांची काळजी नव्हती असं नाही हं. चांगली 'शिकाऊ डॉक्टर साहाय्य समिती' होती. समितीनं टाक्यांवर बारा भाषणं ठेवली. सरावाला केळीच्या साली वाटल्या. केळी समितीनं खाल्ली.

मावशीनं वाटेत चार घरी "टाकलं हो, टाकलं!" एवढंच सांगितलं, नि तडक इस्पितळ गाठलं. शिंपीण पायरीवर डोळे पुसत होती.

"खरं सांग गं बाळ. रानडुकराला तसंच टाकून आलीस?"

"मी नाही गं मावशी, सरांनी टाकलं. पोट उघडलं, आतलं काम झालं, आणि समितीचं बोलावणं आलं. बारावं भाषण सरांचंच होतं. 'शिकाऊंना संधी द्या.' आलोच म्हणाले, ते आलेच नाहीत. मग मीच टाके घातले."

"अगं, मग रडतेस काय?"

"सर रागावले. म्हणाले, बारावं भाषण ऐकल्याशिवाय टाके घातलेसच कसे? वहीत लिहिलं, 'उपस्थित होती'. आणि रानडुकराच्या कागदावर टाके घालणारा म्हणून स्वतःचं नाव."

मावशीनं पंखानं तिचे डोळे पुसले.

आठ दिवसांनी टाके काढायचे होते. सगळी समिती बघायला जमली. मावशी खिडकीत होतीच. सरांनी चोच घातली. गाठ हलेना. कापायला गेले, तर कात्रीला जागाच नाही.

"आई गं!" रानडुक्कर ओरडलं. "सर, टाके तुम्हीच घातलेत ना?"

"अर्थात!"

"मग सोडवा की!"

"स्वतःच्या हातची गाठ विसरलात होय?" मावशी खिडकीतून म्हणाली.

समिती एकमेकांकडे बघू लागली. सर खोकले. "शिंपीण, इकडे ये. आज तुला एक संधी देतो."

शिंपिणीनं चोच नुसती टेकवली. गाठी भराभर सुटल्या. कातडी अशी जुळलेली, की शिवण शोधावी लागली.

मावशीनं वही सरांपुढे सरकवली. "संधी दिलीत, आता सहीही द्या."

सरांनी लिहिलं, 'टाके काढले : स्वतः केले.' खाली झोकदार सही.

शिंपीण परीक्षेला बसली.

मावशी मग त्या चार घरी पुन्हा जाऊन आली. "मी काही अगदीच खोटं सांगितलं नव्हतं बरं का. रानडुकराला टाकलं होतंच. फक्त टाकणारा वेगळा आणि टाके घालणारी वेगळी!"

तात्पर्य : गुरूवाचून विद्या येते, मुलांनो. सही तेवढी येत नाही.