कूलर कोण भरणार

मोनालीचा लॅपटॉप दुपारच्या मीटिंगमध्ये पुन्हा बंद पडला, तसं सुभद्राबाईंनी कूलरचं तोंड नवऱ्याकडून वळवून लॅपटॉपकडे केलं. नत्थुजी बनियनवर बाजेवर पडले होते, ते उठून बसले. माणसानं काय करावं, असं त्यांनी विचारलं.

"तुमी काय पुन्याच्या कंपनीचं काम करून राहिले?" सुभद्राबाई म्हणाल्या.

सून वलगावात बसून पुण्याच्या कंपनीचं काम करते, याचा त्यांना भारी अभिमान होता आणि तो सुनेला कळू द्यायचा नाही, असा पक्का इरादाही होता. पोरगी कानाला यंत्र लावून इंग्रजीत बोलू लागली की त्या मिक्सर बंद करत, अंगणात मोठ्यानं बोलणाऱ्या मजुरांना नुसत्या हातानं गप्प करत. दसऱ्याला ट्रॅक्टरशेजारी पाट मांडून त्यांनी स्वतः लॅपटॉपची पूजा केली होती. पुढे हिवाळ्यात तो कुरकुरायला लागला, आणि मे महिना आला तसा खालून असा तापू लागला की मांडीवर घ्यायची सोय नाही.

त्यांच्या पोरानं, पियुषनं, मोबाईलवर काहीतरी पाहून लॅपटॉपच्या चार कोपऱ्यांखाली बाटल्यांची झाकणं लावली. बंद पडला. कूलरसमोर ठेवला, तर कूलरनं बटनांवर तुषार उडवले, पदरानं पुसता पुसता पुरेवाट झाली. शेवटी सुभद्राबाईंनी तो भाजीच्या खोलीत हलवला. बाजारात जायच्या सांभाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, आणि मेथीच्या जुड्या तिथे ओल्या पोत्यांखाली असतात, घरात त्याहून थंड जागा नाही. मोनाली जुड्यांच्या ढिगाला टेकून मीटिंगला बसली. साहेबानं विचारलं, आज भाजीबाजारातून काम आहे का. ती उत्तर देणार तेवढ्यात लॅपटॉप पुन्हा गेला. आता पुन्हा असं झालं तर हे काम दुसऱ्याकडे द्यावं लागेल, असा निरोप फोनवर आला.

आत घाण गेली असणार, खोलून पाहावं लागेल, असं पियुष म्हणाला. घाण म्हटल्याबरोबर सुभद्राबाई ओट्यावर बसल्या आणि न्यायनिवाडा सुरू झाला. पियुष लॅपटॉप गादीवर घेऊन क्रिकेट पाहतो, गादीचा कापूस गेला असणार. नत्थुजी शेजारी बसून सुपारी-तंबाखूचा खर्रा घोटतात, सुपारीचा चुरा गेला असणार. दोघांनीही आरोप नाकारले. तेव्हा त्यांनी सगळ्यांसमोर फर्मान काढलं.

"ज्याच्या हातची घाण निंघन, तो उनायभर एकटा कूलर भरन. मंग तो कोनी का असंना."

वलगावच्या उन्हाळ्यात याहून मोठी शिक्षा नाही. हौदावरून बादल्या आणा, ओता, आणि जरा नजर वळवावी तोवर कूलर पुन्हा कोरडा. नत्थुजींनी हळूच खर्र्याची पन्नी खिशात घातली.

अमरावतीच्या दुरुस्तीच्या दुकानात मोनाली एकटीच जाणार होती. पण सोनाराकडे दागिना टाकून घरी यायचं नसतं, समोर बसून काम करून घ्यायचं असतं, असं म्हणत सुभद्राबाई स्कूटीवर मागे बसल्या. ऊन लागू नये म्हणून कमरेला कांदा खोचला. एक कांदा पिशवीत, लॅपटॉपपाशीही ठेवला.

दुकानातल्या ललितनं पिशवी उघडली आणि कांदा बाहेर काढून टेबलावर ठेवला.

"काकू, हा कावून?"

"ताप तं त्यालेच हाय ना आधीच. अजून ऊन कायले लागू द्याचं?"

ललितनं मान डोलावली आणि स्क्रू काढले. पाठ निघाली, आणि सुभद्राबाई पुढे वाकल्या. आत केवढं काय काय होतं. उंच माळावरून गाव पाहावं तसं. बारक्या बारक्या गल्ल्या, चिरेबंदी घरं, तांब्याची एक नळी नाल्यासारखी वळत गेलेली. आणि कोपऱ्यात एक पंखा. एवढ्याशा पेटीला स्वतःचा पंखा. रात्रंदिवस बिचारा आत एकटा फिरत होता आणि आपण बाहेरून कूलर लावत होतो. त्यांनी नकळत हात जोडले.

ललितनं हवा मारली. पंख्यातून काहीतरी टणकन उडून टेबलावर पडलं, आणि त्याच क्षणी मोनालीचा हात त्यावर पडला. मूठ मिटली.

"धूळ आहे आई," मोनाली म्हणाली.

ललितनं तिच्याकडे पाहिलं, काकूंकडे पाहिलं. "होय, धूळच," तो म्हणाला.

पण सुभद्राबाईंनी पाहिलं होतं. तांदळाचा दाणा होता, आणि लाल होता. ट्रॅक्टरची चारही चाकं पुजतात, मग याचीच एक बाजू कशी सोडायची, म्हणून दसऱ्याला त्यांनी लॅपटॉप उलटा करून त्याच्या जाळीवरही मूठभर अक्षता वाहिल्या होत्या. परतीच्या वाटेवर पेटीतल्या गावाचं नवल मागे पडलं होतं. ज्या सुनेला त्यांनी कौतुकाचा एक शब्द दिला नव्हता, तिच्या मिटलेल्या मुठीकडे त्यांची नजर पुन्हा पुन्हा जात होती. सबंध रस्ता ती पोरगी त्या हाताची दोन बोटं दाण्यावर मिटून स्कूटीचं हॅन्डल तीनच बोटांनी धरून होती.

घरी मोनालीनंच धुळीचा निकाल सांगितला. आरोपी सुटले. नत्थुजींनी खर्रा बाहेर काढला.

सकाळी बादलीच्या आवाजानं त्यांना जाग आली. सुभद्राबाई पदर खोचून कूलर भरत होत्या.

"तू कावून? निकाल तं धुयीचा लागला ना?"

"धूय कोनाची? घराची. घर कोनाचं? माहं. झोपा तुमी."

मोनाली धावत आली आणि तिनं बादलीला हात घातला. त्यांनी बादली सोडली नाही. नत्थुजींना ऐकू जाणार नाही एवढ्या आवाजात विचारलं, "तो दाना फेकला तं नाई?"

मोनाली दचकली. "देवाजवळ ठेवला, आई."

सुभद्राबाईंनी बादली ओतली, पाणी किती चढलं ते वाकून पाहिलं आणि कूलरचं तोंड नत्थुजींकडे वळवलं.

"यंदा दसऱ्याले त्या पेटीची पूजा तू करजो," त्या म्हणाल्या. "आन अक्षता नको. फूल वाहजो. जायीतून आत जानार नाई असं, मोठं."