न्याहारी वीस फुटांवर

डेल ओडेगार्डची योजना या वेळी इतकी चोख होती की तिच्यात बिघडायला जागाच उरली नव्हती. निदान डेलचं तसं मत होतं. तो विमा कंपनीत अपघातांची कारणं शोधायचा. कोणाच्या गॅरेजचं छप्पर का बसलं, कोणाचा ट्रक गोठलेल्या तळ्यात कसा गेला, हे तो जागेवर जाऊन बघे आणि चार ओळींत लिहून काढी. चारही ओळींचा सारांश बहुधा एकच असे: गृहस्थाला वाटलं होतं, काही होणार नाही.

एवढा अनुभव गाठीशी असूनही गेल्या पाच उन्हाळ्यांत त्याच्या कुटुंबाच्या पाच सहली पाच निरनिराळ्या पद्धतींनी बुडाल्या होत्या. एकदा तंबू आला, पण तंबूचे दांडे डुलुथ गावातल्या घरीच राहिले. एकदा चार दिवस पाऊस पडला आणि पाचव्या दिवशी, गाडी सुरू केल्याबरोबर, लख्ख ऊन. गेल्या वर्षी डेल ज्या ओंडक्यावर बसला तो गांधीलमाश्यांच्या मालकीचा निघाला. पुढचे दोन दिवस त्याने निसर्गाचा आनंद उभ्यानेच घेतला.

परतल्यावर त्याची बायको मॅरेन शांतपणे म्हणाली होती, "पुढच्या उन्हाळ्यात आणखी एकदा बघू. नाहीच जमलं, तर त्यानंतर दरवर्षी जोलीनकडे जात जाऊ."

जोलीन तिची बहीण. राहायला अरिझोनात. तिथे जुलै महिन्यात अंगणात विसरलेला चमचा उघड्या हाताने उचलता येत नाही. घराला पोहायचा तलाव होता आणि तलावाच्या काठाला जोलीनचा नवरा गॅरी होता. गॅरी जमिनी विकायचा. पाहुणे पाण्यात उतरले की खुर्ची ओढून बसायचा आणि प्लॉटचे भाव सांगायचा. पाण्यातला माणूस जाणार कुठे? डेल तिथे एकदाच गेला होता. तीन तासांनी बाहेर आला तेव्हा त्याची बोटं सुकलेल्या जर्दाळूंसारखी झाली होती आणि निवडुंगांनी भरलेल्या एका एकरावर तो जवळजवळ सही करून बसला होता.

तेव्हा ही सहावी सहल यशस्वी होणं भागच होतं.

पहिला दिवस खरोखर दृष्ट लागण्यासारखा गेला. दोन होड्या, चार माणसं: डेल, मॅरेन, त्यांची बारा वर्षांची मुलगी सिग्ने आणि मॅरेनची आई अर्डिस. वय पंचाहत्तर, डोक्यावर वाळ्याच्या रंगाची हॅट, पाठ ताठ. तळ्यांनी भरलेल्या त्या सरकारी जंगलात मोटारीच्या होड्यांना मज्जाव आहे, त्यामुळे शांतता अशी की आपण मारलेल्या डासाचाही आवाज ऐकू यावा. दोन तळ्यांच्या मधल्या पायवाटेवर डेलने होडी डोक्यावर घेतली आणि एकदाच झाडाला धडकला. तंबू उभा राहिला, दांड्यांसकट.

संध्याकाळी पिशवीचा कार्यक्रम झाला. परवाना देताना वनखात्याच्या बाईंनी नियम सांगितला होता. खाण्याचं सगळं सामान एका पिशवीत भरायचं आणि पिशवी दोरीने झाडाला टांगायची, जमिनीपासून बारा फूट उंच, म्हणजे अस्वल येत नाही. डेलने वीस फूट ठरवले. बारा फूट हे सर्वसामान्य लोकांसाठी.

त्याने मोज्यात दगड घालून दोरीला बांधला, नऊ वेळा भिरकावला, नवव्या वेळी तो एका उंच पाइनच्या फांदीवरून पलीकडे गेला. मग कॉफी, पॅनकेकचं पीठ, शेंगदाण्याचं लोणी, डबाबंद मटण, राय धान्याच्या पावाच्या कडक चकत्या, सगळं भरलेली निळी पिशवी हळूहळू आभाळाकडे निघाली.

"अस्वलाने शिडी आणली तरी पोचायचं नाही," डेल हात झटकत म्हणाला.

अर्डिसने मान वर करून बराच वेळ पाहिलं. "हे वेगळंच आहे," ती म्हणाली.

अर्डिसच्या बोलण्यात याहून कडक शब्द नव्हता. तिच्या दिवंगत नवऱ्याने एकदा स्वयंपाकघर जांभळं रंगवलं होतं, तेव्हाही ती एवढंच म्हणाली होती. बिचाऱ्याने दुसऱ्या दिवशी ते पुन्हा पांढरं केलं.

सकाळी मॅरेन तंबूतून बाहेर आली तेव्हा डेल झाडाखाली दोरी धरून उभा होता.

"कॉफी?"

"येतेय."

"कुठून?"

"वरून," डेल म्हणाला.

दोरी फांदीच्या बेचक्यात रुतली होती. तिथेच उगवल्यासारखी. डेलने ओढली. डेल आणि मॅरेनने मिळून ओढली. मग डेल दोरीला लोंबकळला आणि सिग्ने डेलला. पिशवी जराशी डुलली, पाहुण्यांना हात हलवावा तशी, आणि परत स्थिर झाली. पाइनला खालच्या अंगाला एकही फांदी नव्हती, तेव्हा चढायचा प्रश्नच नव्हता.

"ढकलून बघतो," म्हणत डेलने वल्हं वर फेकलं. ते अडकलं. वल्हं पाडायला मोज्यातला दगड फेकला. तोही अडकला. मोजा पाडायला दुसरा मोजा गेला, आणि दुसऱ्या मोज्याच्या समाचाराला बूट. दहा वाजेपर्यंत झाडावर पिशवी, वल्हं, दोन मोजे आणि डाव्या पायाचा एक बूट असा ऐवज जमला.

"बाबा," सिग्ने म्हणाली, "नाताळ डिसेंबरात असतो."

"भूक लागलीय का कुणाला?" डेलने विषय बदलला.

"छे, छे," मॅरेन म्हणाली.

"मला तशी सकाळी लागतच नाही," अर्डिस म्हणाली. ती रोज सकाळी सहा वाजता दोन अंडी खायची.

"मला लागलीय," सिग्ने म्हणाली. तिचे संस्कार अजून पुरे व्हायचे होते.

परत जायचं तर अर्धा दिवस वल्ही मारायची. पण परत जाणं म्हणजे सरळ गॅरीच्या तलावात उडी. डेलला पाण्यातली ती खुर्चीवाली सावली दिसू लागली. "अरे, तळ्याकाठी कोणी उपाशी राहतं का?" तो म्हणाला आणि एका पायात बूट घालून गळ टाकून बसला. दीड तासाने एक मासा लागला, बोटाएवढा. सिग्नेने त्याचं नाव मॉरिस ठेवलं, त्यामुळे तो सोडून द्यावा लागला. तोवर अर्डिस टेकाडावरून रानातल्या निळ्या बेरी वेचून आली. हॅटचा तळ जेमतेम झाकला गेला होता. "मी तिकडेच पोटभर खाल्ल्या," ती म्हणाली. कोणी विश्वास ठेवला नाही आणि कोणी तसं म्हटलंही नाही.

बाराच्या सुमारास वाऱ्यावरून वास आला. तळलेली सॉसेजं, कांदा, ढोबळी मिरची. चौघांच्या माना एकदम तळ्याकडे वळल्या. पिवळ्या होडीतून एक जोडपं येत होतं. पुरुष गोलमटोल, बाई त्याहून मोठ्या आवाजाची, आणि दोघांच्या मध्ये झाकण घातलेली भलीमोठी कढई.

"आम्ही समोरच्या काठावर उतरलोय," पुरुष म्हणाला. "मी डॉमनिक, ही लोरेन. न्यू जर्सीहून आलोय. हिने आज दहा माणसांचं रांधलंय. म्हटलं शेजाऱ्यांना द्यावं. घ्या, गरम आहे."

डेलच्या तोंडाला असं पाणी सुटलं की बोलण्याआधी गिळावं लागलं. "नको, नको. आमचं अगदी व्यवस्थित आहे."

हा पहिला नकार. डेलच्या मुलुखात पहिल्या हाकेला ताट पुढे करणं म्हणजे हावरटपणा, दुसऱ्या हाकेला म्हणजे उतावीळपणा, आणि तिसऱ्या हाकेला 'बरं, अगदी थोडंसं' म्हणणं म्हणजे घरंदाजपणा. ओडेगार्डांच्या चार पिढ्या या हिशेबावर जेवत आल्या होत्या.

"नक्की?" लोरेन म्हणाली. "खूप आहे हो. फेकून द्यावं लागेल."

"उगाच तुम्हाला त्रास कशाला," मॅरेन म्हणाली, आणि डोळ्यांच्या कोपऱ्यातून तिने सिग्नेला ताटल्या काढायची खूण केली.

दुसरा नकार झाला. आता तिसरी हाक. डेलने खांदे सैल सोडले. अर्डिसने मांडीवर रुमाल पसरला.

"बरं तर," डॉमनिक म्हणाला. "मजा करा."

आणि पिवळी होडी वळली. कढई वळली. कांद्याचा वास थोडा वेळ रेंगाळला आणि मग तोही न्यू जर्सीच्या मागे निघून गेला.

सिग्ने ताटल्या हातात धरून उभी होती. "गेले?"

"पुन्हा विचारतील," डेल म्हणाला.

"होडीतून? पाठ करून?"

"हे मात्र फारच वेगळं आहे," अर्डिस रुमालाची घडी करत म्हणाली.

"तू पहिल्यांदा नको म्हणालास," मॅरेन डेलला म्हणाली.

"पहिल्यांदा म्हणावंच लागतं. दुसऱ्यांदा तू म्हणालीस."

"मग दुसऱ्यांदा काय हो म्हणू? आई समोर बसलेली."

दोन वाजता सिग्ने पावाच्या चकत्यांची वर्णनं करायला लागली, तेव्हा असं ठरलं की शेजारधर्म म्हणून समोरच्या काठावर जाऊन यावं. नुसतं भेटायला. डेलने उरलेला बूटही काढला, एकच बूट घालून जाणं बरं दिसलं नसतं. तीन वल्ह्यांवर दोन होड्या निघाल्या, त्यातली डेलची वाकडीतिकडी.

डॉमनिक आणि लोरेन शेकोटीपाशी बसले होते. कढई बाजूलाच होती, झाकण घातलेली.

"वारा पडला," डेल म्हणाला.

"पडला खरा," डॉमनिक म्हणाला.

"उद्या परत सुटेल म्हणतात."

"असं म्हणतात होय?"

यावर वीस मिनिटं गेली. मग गेल्या वर्षीच्या उन्हाळ्याची, मग या वर्षीच्या डासांची चौकशी झाली. मॅरेनने कढईचं कौतुक केलं. बीडाची का? बीडाची. जड असेल. जड आहे. होडीतून आणायची म्हणजे कठीणच. हो, कठीणच. अर्डिस एका दगडावर पाय जुळवून बसली होती आणि तिच्या पोटातून असा आवाज आला की डॉमनिकने जंगलाकडे वळून पाहिलं.

"अस्वल?"

लोरेनने मात्र अर्डिसकडे पाहिलं, मग डेलच्या अनवाणी पायांकडे, मग सिग्नेकडे. "काय हो," ती म्हणाली, "तुम्हाला भूक लागलीय का?"

डेलने तोंड उघडलं. जिभेवर 'छे, छे' तयारच होतं. तेवढ्यात शेजारून आवाज आला.

"हो," मॅरेन म्हणाली.

डेलने वळून पाहिलं. अर्डिसचा हात गळ्याशी गेला. त्या घराण्यात लग्नाच्या मागणीलाही कोणी पहिल्या फेरीत हो म्हटलं नव्हतं.

"खूप लागलीय," मॅरेन म्हणाली. "सकाळपासून काही खाल्लं नाही. आमचं सामान झाडावर अडकलंय."

"मग दुपारी नको का म्हणालात?"

"ते सोडा," मॅरेन म्हणाली. "पाव आहे का?"

पाव होता. पुढची पंधरा मिनिटं कोणीही हवेबद्दल बोललं नाही. अर्डिसने तीन सॉसेजं खाल्ली आणि चौथ्याला नको म्हणाली. लोरेनने पुन्हा विचारायची वाट न बघता वाढलं. अर्डिसने तिच्याकडे पाहिलं, ते आयुष्यभर चुकीच्या घरात जेवलेल्या माणसाने पाहावं तसं.

मग डॉमनिक झाड बघायला आला. तो छपरांची कामं करायचा, दोरीशी त्याचं रोजचं नातं. "तुम्ही सकाळपासून खालीच ओढताय?" त्याने विचारलं. डेल म्हणाला, हो. "म्हणजे सकाळपासून रुतवताय." तो पलीकडच्या खडकावर चढला, दोरी सैल सोडली आणि चाबूक मारावा तसा तिला एक झटका दिला. लाट दोरीतून वर गेली, बेचक्यातून दोरी सुटली आणि निळी पिशवी शहाण्या मुलीसारखी खाली आली. येतायेता तिने वल्हं आणि बूटही सोबत आणले. मोजे राहिले होते, ते त्याने दुसऱ्या झटक्यात उतरवले. डॉमनिक हात हलवत निघून गेला.

पिशवी चौघांच्या मध्ये पडली होती. कोणालाच भूक नव्हती.

"तर," डेल म्हणाला. त्याचा आवाज बारीक झाला होता. "हेही वर्ष गेलं म्हणायचं."

मॅरेनने पिशवी बाजूला सरकवली. एकदा दार उघडलं की मागची माणसंही बाहेर येतात. "डेल, खरं सांगू? मला हे तंबूचं प्रकरण कधीच आवडलं नाही. एकाही वर्षी."

"मलाही नाही," अर्डिस म्हणाली. "माझी कंबर जमिनीची सवय विसरलीय."

"मला तर मुळीच नाही," सिग्ने म्हणाली.

तिघी डेलकडे बघू लागल्या. डेलने मोजे हातात चुरगळले. डास, दांडे, गांधीलमाश्या, डोक्यावरची होडी, सगळं त्याच्या डोळ्यांपुढून गेलं, आणि सहा वर्षांचं ओझं खांद्यावरून घसरल्यासारखं झालं. "मलाही नाही," तो म्हणाला.

"तुलाही नाही? मग ती होडी कोणी घेतली?"

"तू दुकानात छान म्हणालीस म्हणून."

"तू तिच्यासमोर इतका वेळ उभा होतास म्हणून मी छान म्हणाले."

"मी उभा होतो कारण आई म्हणाल्या, पोरीला तळ्यावर न्यायला हवं."

"मग काय," अर्डिस म्हणाली. "दुकानातल्या चित्रापुढून पोरगी हलायला तयार नव्हती. एक कुटुंब होडीतून चाललेलं. म्हटलं, बिचारीला हौस दिसते."

आता सगळे सिग्नेकडे बघत होते.

"त्या चित्रात कुत्रा होता," सिग्ने म्हणाली.

मग डेलने चाचरत विचारलं, "म्हणजे आता अरिझोना?"

"गॅरी मला आवडतो असं तुला कोणी सांगितलं?" मॅरेन म्हणाली. "तू हे सोडावंस म्हणून म्हटलं होतं मी. पुढच्या जुलैत घरी राहायचं. ओसरीवर बसायचं. खुर्चीत."

"पाठ असलेल्या खुर्चीत," अर्डिस म्हणाली.

डेलने त्या दिवसातला पहिला खोल श्वास घेतला. उन्हं तिरपी झाली होती, तळं तांब्याच्या परातीसारखं चकाकत होतं. आजवर त्याकडे कोणी धड पाहिलंच नव्हतं. प्रत्येकाला दुसऱ्याची मजा सांभाळायची होती.

"मग उद्या सकाळी निघू या का?" त्याने विचारलं.

अर्डिस म्हणाली की लोरेनने उद्या दुपारी मीटबॉलचं बोलावणं केलंय आणि तिने ते पहिल्या झटक्यात स्वीकारलंय. सिग्ने मॉरिसला शोधायला पाण्यात उतरली. परवाना चार रात्रींचा होता, चारही रात्री ते राहिले. पुन्हा यायचं नाही म्हटल्यावर डासही बेताने चावत होते.

निघायच्या दिवशी होड्या भरून झाल्या. डेल काठावर कमरेवर हात ठेवून उभा राहिला. "तसं छान होतं, नाही?"

तिघींनी एकदम वळून त्याच्याकडे पाहिलं.

"म्हणजे," डेल घाईघाईने होडीत बसत म्हणाला, "संपलं ते छान झालं, असं म्हणतोय मी."