एक मूठ जास्त

आधार देणाऱ्याने काम झाल्यावर निघून जावे, हे तत्त्व जगात सर्वमान्य आहे. ते दुसऱ्याने पाळावे, याबद्दलही कुठे दुमत नाही. दुबई इन्व्हेस्टमेंट पार्कमधली आमची कंपनी याच तत्त्वावर उभी असून मी तिचा डॉक्युमेंटेशन ऑफिसर आहे. म्हणजे जे घडते ते मी बघतो, आणि जे घडायला हवे होते ते लिहितो.

आमचे काम थोडक्यात असे. अपघातात हाडाचा तुकडा गेला की त्या खिंडारात आम्ही आमचा तुकडा बसवतो. तो विरघळणारे प्लास्टिक आणि हाडातच सापडणाऱ्या खनिजाची पूड यांच्या मिश्रणाचा असतो. पहिले काही आठवडे त्याने भार उचलायचा, मग हळूहळू विरघळत जागा करून द्यायची, आणि त्या जागेत पेशंटचे स्वतःचे हाड वाढायचे. शेवटी आमचा माल कुठेच उरत नाही. (हे पटायला मार्केटिंगवाल्यांना दोन वर्षे लागली. गिऱ्हाइकाला अखेरीस दाखवायचे काय, हा त्यांचा प्रश्न रास्तच होता.)

प्रकल्पाचे प्रमुख डॉ. गुणवंत, मूळचे पुण्याचे. दोन वर्षांत लॅब उभी करून ती टीमच्या हवाली करायची, या करारावर ते आले, त्याला यंदा अकरा वर्षे झाली. माणूस सोन्यासारखा. दोष काढायचाच तर एवढाच, की ते कुठे काही कमी पडू देत नाहीत. मिश्रणात पूड तीस टक्के घालायची, असे कागदावर ठरलेले आहे. पण यंत्राचे झाकण लागण्याआधी सर येतात, आत डोकावतात आणि "असू दे, आधाराला," म्हणून वरून एक मूठ टाकतात. (हातमोजा घालून. शिस्तीच्या बाबतीत सर कडक आहेत.)

पूड जास्त झाली की तुकडा दगडासारखा होतो आणि विरघळायचे नाव घेत नाही. अकरा वर्षांत चौदा प्रकारचे तुकडे झाले, नऊ मेंढ्यांच्या पायांत बसवून झाले, विरघळले शून्य. अहवालात मी याला 'अत्यंत स्थिर निकाल' म्हटले आहे. सहाव्या प्रकारचा एक तुकडा मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवला होता. त्या बरणीतले पाणी आजवर तीनदा आटले, तुकडा मात्र नवा कोरा आहे. चौथ्या प्रकारचा एक तुकडा पॅन्ट्रीचे दार उघडे ठेवायला वापरतात आणि त्याबद्दल कोणाची तक्रार नाही.

आता हाडाचा स्वभाव असा, की भार पडला तर ते वाढते आणि दुसरे कोणी उचलतेय असे दिसले की हात काढून घेते. आमच्या मेंढ्यांची हाडे वर्षानुवर्षे आरामात पडून होती. मेंढ्याही. शारजाच्या वाळवंटातल्या फार्मवर त्यांच्यासाठी सरांनी लेखी सूचना दिल्या होत्या: दिवसाला बारा पावलांहून जास्त चालवू नये, चारा तोंडापाशी धरावा, एसी चोवीसवर ठेवावा. फार्म सांभाळणारा खैरुद्दीन पेशावरचा. तो मला एकदा म्हणाला, "साब, ये भेड़ नहीं है, दामाद है."

ही गोष्ट शास्त्रीय भाषेत सांगणारी एकच व्यक्ती आमच्याकडे होती, वैभवी. शारजात जन्मलेली, तिथेच वाढलेली, चार वर्षे या एकाच तुकड्यामागे लागलेली मुलगी.

"सर, बोनवर लोडच येत नाहीये," ती दर सोमवारच्या मीटिंगला सांगायची. "पूड जस्ट प्रोटोकॉलप्रमाणे घालूया ना."

"अगं वैभवी, ऐनवेळी मोडला म्हणजे?" सर मायेने म्हणायचे. "जास्त झाल्याने कधी कुणाचं वाईट झालंय का?"

यावर नऊ मेंढ्यांचे म्हणणे कोणी विचारले नाही.

मग जानेवारीत व्यवस्थापनाचे पत्र आले. जूनअखेर एका तरी मेंढीत हाड वाढलेले दिसले नाही, तर प्रकल्प खलास. तसे झाल्यास गुणवंत सरांना सल्लागारपदी नेमण्यात येईल आणि वैभवीचा व्हिसा रद्द करण्यात येईल. ती त्या दिवशी पॅन्ट्रीत उभी राहून एकाच चहात तीनदा साखर घालत होती. मला तिच्याबद्दल फार वाईट वाटले. (ही नोंद अहवालात नाही.)

तिला वाचवले ते विज्ञानाने नव्हे, एचआरने. फेब्रुवारीत परिपत्रक निघाले, की साठलेली रजा महिनाअखेरपर्यंत सुरू केली नाही तर ती बुडेल. सरांची रजा एकशे बारा दिवस साठली होती. गुणवंत सरांना जगातली कुठलीही शक्ती लॅबबाहेर काढू शकली नसती, पण एकशे बारा दिवस फुकट जाणार म्हटल्यावर त्यांचा चेहरा उतरला. चौथ्या दिवशी ते सुचित्रावहिनींसह पुण्याला निघाले. एअरपोर्टवर वैभवीने स्वतः सोडले. रस्ता मोकळा होता, तरी तिने दोघांना सहा तास आधी पोचवले.

टीम पहिला आठवडा नुसती दाराकडे बघत बसली. मग दहाव्या मेंढीसाठी मिश्रण झाले, झाकण लागले, आणि वरून काही पडले नाही. पुण्याहून सरांनी एकशे बारा दिवसांत चारशे सव्वीस व्हॉइस नोट पाठवल्या. वैभवीने प्रत्येकीला न ऐकता अंगठा पाठवला. खैरुद्दीनला तिने इतकेच सांगितले, "इसको बाहर छोड़ दो, सबके साथ." दहावी मेंढी पहिले पंधरा दिवस लंगडली, नंतर चालली, आणि चौदाव्या आठवड्याच्या एक्स-रेत आमचा तुकडा जवळजवळ दिसेनासा झाला होता. तिथे हाड होते, मेंढीचे स्वतःचे.

तपासणी समिती जूनमध्ये आली. अध्यक्ष हमदुल्ला साहेबांनी पाय प्रत्यक्ष पाहण्याची इच्छा व्यक्त केली. फाटक उघडताच मेंढीने कुंपणावरून उडी मारली आणि ती वाळूच्या टेकडीपलीकडे गेली. समितीने बराच वेळ त्या दिशेला पाहिले.

"साब, टाँग आगे से देखनी थी," खैरुद्दीन म्हणाला, "अब पीछे से देख लो."

समितीने 'पाय कार्यक्षम आढळला' असा शेरा मारला आणि प्रकल्प मंजूर झाला. वैभवी गाडीत जाऊन रडली. मलाही भरून आले. (अहवालात: 'टीमने समाधान व्यक्त केले.')

एकशे तेराव्या दिवशी सर हजर झाले. एक्स-रे त्यांनी उजेडाकडे धरून खूप वेळ पाहिला.

"माझा तुकडा कुठाय?"

"गेला, सर," वैभवी म्हणाली. "त्याला जायचंच होतं."

सरांनी एक्स-रे पाकिटात घातला. मग म्हणाले, "छान झालं. एक मूठ टाकली असती तर आणखी छान झालं असतं."

कंपनीने मार्गदर्शनाबद्दल सरांना सन्मानचिन्ह दिले. शिवाय चाचणीच्या अटी कायमच्या लेखी केल्या: बरणीचे तापमान सदतीस अंश, मेंढ्या मोकळ्या, वरिष्ठ शून्य. सरांनी या अटींवर खळखळ न करता सही केली आणि खाली हाताने लिहिले, 'मात्र वरिष्ठांनी अधूनमधून डोकावून जावे.'

हे वाचताना तुम्हाला तुमचे साहेब, तुमच्या सासूबाई किंवा मंडळाचे अध्यक्ष आठवले असतील, आणि हा मजकूर त्यांना पाठवावा असेही वाटले असेल. जरूर पाठवा. फक्त त्याआधी एक करा. इकडे आखातात माणूस भेटला की 'छुट्टी पे कब जा रहे हो?' असे विचारायची रीत आहे. गेल्या महिन्यात तुम्हाला हे किती जणांनी, किती प्रेमाने विचारले, आणि तुम्ही 'छे, यंदा कुठलं जमतंय' म्हणालात तेव्हा त्यांचे चेहरे कसे झाले, तेवढे जरा आठवून बघा.