सोमवारपर्यंत कापूस

आपण तोंड उघडलं की माणसं हलतात, ही सुधाकररावांची जुनी खात्री. आदिलाबादच्या एका जिनिंगमध्ये आठ वर्षं ते मराठी, तेलुगू नि हिंदीत मालकांची पत्रं लिहीत होते; हुद्दा मात्र कारकुनाचाच. एक्क्याण्णव साली हैदराबादचे मालक म्हणाले, या हंगामात काम दाखवा, तुम्हाला जनसंपर्क मॅनेजर करतो. सुधाकररावांनी घरी येऊन बायकोला, दमयंतीला सांगितलं.

"आधी कागद येऊ द्या," ती म्हणाली.

ऐन हंगामात मशीन बिघडलं. दुरुस्तीला सोमवार उजाडणार होता. तोवर गाड्या येऊन अडकू नयेत म्हणून सुधाकररावांनी जीपवर भोंगा बांधला आणि चांगलं छापील मराठीत वाक्य रचलं: सोमवारपर्यंत कापूस आणू नये. तलमडुगुकडची वीस गावं एका दिवसात उरकली. घरी आले तेव्हा भुवयांवरसुद्धा धूळ होती.

पण ड्रायव्हर व्यंकटेशला जीप हळू चालवणं माहीतच नव्हतं. 'आणू नये' येईस्तोवर गाव मागे पडायचं. लोकांना ऐकू गेलं ते एवढंच: सोमवारपर्यंत कापूस. त्यानंतर खरेदी बंद, हे त्यांनी आपल्या मनानं जोडलं.

शनिवारी सकाळी फाटकापासून नाक्यापर्यंत दीडशे बैलगाड्या उभ्या होत्या. नेमके तेव्हाच मालक मशीन बघायला आले. एवढा कापूस त्यांच्या दारात कधी आला नव्हता. त्यांनी सुधाकररावांचा हात हातात घेतला, आजपासून तुम्ही मॅनेजर म्हणाले, आणि मग विचारलं, मशीन बंद आहे, तर आता यांना परत कोण पाठवणार?

ते काम अर्थातच नव्या मॅनेजरचं. पण कालच्या ओरडण्यानं त्यांचा घसा पार बसला होता. पहिल्या गाडीवर तलमडुगुचे चंपतराव होते. सुधाकरराव त्यांच्या कानाशी वाकले आणि पुटपुटले, "परत जा. सोमवारनंतर या."

चंपतरावांनी त्यांना नीट न्याहाळलं.

"हे आमाले कानात काऊन सांगून राह्यले, साहेब? सोमवारी भाव पडते का?"

सुधाकररावांनी 'नाही, नाही' अशी जोरजोरात मान हलवली. आवाज मात्र फुटला नाही.

चंपतरावांनी बैल सोडले, चारा टाकला आणि मागच्या गाडीवाल्याला हळूच काहीतरी सांगितलं. बातमी गाडीगाडीनं नाक्यापर्यंत गेली. दुपारपर्यंत आणखी साठ गाड्या आल्या.