पथ्य मोडलं कुणी

केरळातल्या ओट्टप्पालमला देवळामागच्या गल्लीत राहणाऱ्या पंकजाक्षी वारस्यार यांच्या बोटांना इसब झालं, ही बाब सुरुवातीला खाजगी स्वरूपाची होती. बोटं चिरत, पाझरत. कृष्णाचा तुळशीहार रोज पहाटे गुंफायचा मान त्यांच्या घराण्याचा. पण पाझरत्या हातांनी देवाचं काही करू नये, म्हणून तो सुटला. पुन्हा तुळशीला हात लावता यावा, एवढंच त्यांचं मागणं होतं.

वैद्यांनी रोगाला विचर्चिका असं भारदस्त नाव दिलं, कडू काढा दिला आणि बजावलं, "दही, उडीद, मासे, राग, सगळं वर्ज्य. पथ्य पाळलं तर औषध, नाहीतर उकळलेलं पाणी."

एकट्या बाईमाणसावर पथ्याचा एवढा भार टाकणं रहिवासी संघाला प्रशस्त वाटेना. सेक्रेटरी भास्करन मास्तरांनी ते संघाच्या देखरेखीखाली घेतलं. जो येईल तो चुलीवरच्या भांड्याचं झाकण उघडून पाहू लागला.

महिना गेला. खाज तसूभर हलली नाही. औषध चुकणं शक्यच नव्हतं. सबब पथ्य मोडलं होतं. कुठे, एवढंच शोधायचं उरलं.

"चेची, मासे?" मास्तरांनी थोरल्या ताईला विचारावं तसं विचारलं.

"आमच्या घराण्यात कधी कुणी मासा घरात आणला नाही, मास्तर."

"खाल्ला नसेल. पण वास?"

वास शेजारच्या रमणीच्या खिडकीतून येत होता. गल्लीत मासेबंदीचा ठराव झाला. मासळीवाल्याची स्कूटर कोपऱ्यावरच अडवायला स्वयंसेवक नेमले गेले. पंकजाक्षीअम्मा म्हणाल्या, हे अति होतंय. बोलताना आवाज जरा चढला. राग हेही अपथ्यच. संघाने त्यांना समज दिली.

रमणी कुंपणावरून म्हणाली, "लवकर बरी हो गं चेची. आमचे हे तारलीवाचून भिंतीशी भांडतात. इसब तुला, खाज सगळ्या गल्लीला."

पुढच्या सभेत मास्तरांनी विचारलं, "आता कसं काय?" पंकजाक्षीअम्मांनी समोरचे सुकलेले चेहरे पाहिले, हात पदराखाली घेतले आणि म्हणाल्या, "बरं आहे."

हात दाखवा, असं कुणी म्हणालं नाही. अभिनंदनाचा ठराव झाला, वैद्यांना शाल दिली आणि दुपारी घरोघरी माशांचे तवे चुरचुरले.

दुसऱ्या पहाटे पुजाऱ्याने तुळशीची टोपली पुढे सरकवली. अम्मांचे हात पदरातून निघेनात. माणसांशी खोटं बोलून झालं होतं, देवाशी जमेना.

"ठराव झालाय ना? मग अडलंय कुठे?" पुजारी म्हणाला.

त्या उठून घरी आल्या. तर दारात त्रिशूरची एक बाई, कडेवर अंग खाजवणारं मूल. "तुम्ही पूर्ण बऱ्या झालात म्हणे. वैद्यांचा पत्ता हवा होता."

पंकजाक्षीअम्मांनी मुलाकडे पाहिलं आणि पहिल्यांदाच दोन्ही हात पदराबाहेर काढले. बोटं तशीच होती, उलट जास्तच चिरलेली.

बाईने ती नीट निरखली. मग समजुतीच्या सुरात म्हणाली, "तुमच्याकडून पथ्य मोडलं असेल हो. पत्ता तेवढा सांगा."

आणि वाचकहो, खरं सांगा, अम्मांच्या तोंडात चोरून काय गेलं असेल, हे तुम्हीही मघापासून शोधताय ना?