अकराव्या धड्यापर्यंत

सीमाभागातल्या हुलसूरला आमच्या शेजारी राहणारे भीमण्णा शेळ्यांशी स्पॅनिशमध्ये बोलतात आणि म्हशीशी पोर्तुगीजमध्ये. सकाळी धार काढण्यापूर्वी ते तिला ‘बों दिया’ म्हणून अभिवादन करतात. म्हैस मान हलवते. शेळ्यांना मात्र अजून कन्नडच कळते, अशी त्यांची तक्रार आहे.

सत्तरी ओलांडलेल्या माणसाने हा उद्योग मांडला, त्याला कारण आहे. त्यांचा मुलगा सुरेश आधी स्पेनमध्ये द्राक्षे तोडायला गेला, मग पोर्तुगालला. तिथेच त्याने लग्न केले आणि दोन वर्षांपूर्वी तिथेच तो अपघातात गेला. मागे राहिली क्लारा, आता सहा वर्षांची. तिला पोर्तुगीजखेरीज काही येत नाही. सुरेश होता तोवर दर रविवारी फोनवर नातीचे आजोबांना आणि आजोबांचे नातीला तो समजावून सांगे. नंतर सून फोन लावून देऊ लागली आणि दोघे नुसतेच एकमेकांकडे पाहत बसू लागले.

सुनेने सुरेशच्या कपड्यांबरोबर त्याची दोन पुस्तके पाठवली. एक स्पॅनिश शिकण्याचे. दुसरे, स्पॅनिश येणाऱ्यांनी पोर्तुगीज शिकण्याचे. भीमण्णांनी ती त्याच क्रमाने घेतली. वर्षभर स्पॅनिश, मग पोर्तुगीज.

मी तीस वर्षे मराठी शाळेत शिकवले. असा वळसा मला पाहवेना.

“अण्णा, चावी, पगार, बटाटा हे शब्द पोर्तुगिजांकडूनच मराठीत आले. मध्ये स्पॅनिश कशाला?”

“बटाट्याला आमी आलू म्हणताव, गुरुजी. आन् सोयरीक जमवाया थेट पोरीच्या घरात कुणी शिरतंय का? मधी माणूस लागतंय, दोन्ही घरची वळख असलेला.”

समोरचे किराणावाले महादप्पा हसले. “अण्णा, म्हशीचा पासपोर्ट काढा आता.”

“काडतो की. तिचे अकरा धडे झालेत. तुमाला एक तरी येतंय का?”

अकरा धडे खरेच झाले होते. पण सात महिने अकराच होते. अकरावा धडा घराचा. दूध, खिडकी, शेळी एवढे भीमण्णांना बोलता येई. तिकडे क्लारा शाळेत जाऊ लागली होती. ती शाळेतले भरभर सांगे आणि हे उत्तर देत, “आमच्या घराला दोन खिडक्या आहेत.” फोन आखूड होत चालला.

मी हैदराबादहून हिंदीतून पोर्तुगीज शिकवणारे पुस्तक मागवून दिले. “ठिवा कोनाड्यात,” एवढेच ते म्हणाले. मी जरा चिडून त्यांचे जुने पुस्तक ओढले आणि बारावा धडा उघडला.

पान कोरे होते. म्हणजे छापील मजकूर होता, पण त्याआधीच्या प्रत्येक पानावर ओळींच्या मधोमध पेन्सिलीने मराठी अर्थ लिहिले होते. अक्षर सुरेशचे. अकराव्या धड्यानंतर त्याला बोलायला माणसे मिळाली असावीत, पुस्तक लागले नसावे.

“पान मिटा, गुरुजी,” भीमण्णा म्हणाले. मी मिटले.

पुढच्या रविवारी क्लारा एक वाक्य बोलली, उत्तराची वाट पाहिली आणि खेळायला निघून गेली. पडद्यावर रिकामी खुर्ची राहिली. भीमण्णा त्या खुर्चीकडे पाहत होते. मग सुनेने फोन बंद केला.

संध्याकाळी ते पुस्तक आणि पेन्सिल घेऊन माझ्या ओसरीवर आले.

“मी अर्थ सांगतो. तुमी लिवा.”

“माझं अक्षर वेगळं आहे, अण्णा.”

“त्याला तुमीच शिकीवलंय न्हवं?”

बाराव्या धड्याचा पहिला शब्द त्यांनी सांगितला. मी त्याखाली लिहिले : शाळा. त्यांनी पुस्तक डोळ्यांजवळ नेले, बराच वेळ पाहिले.

“त्याचा ळ जरा कलायचा,” ते म्हणाले.

चौथीत त्याच ळ वर मी वर्षभर लाल शाईने खुणा केल्या होत्या. मी शब्द खोडला आणि ळ कलता काढला.