क्यानडाभाऊंची दुसरी नजर

कुसगावात राहायला आल्याच्या दुसऱ्याच दिवशी एका सभ्य गृहस्थाला घाबरून मी पळालो. निघालो रस्त्यावरून, पोहोचलो गटारात.

झालं असं. सकाळी दुधाची पिशवी घेऊन परतत होतो. समोरून लाल लोकरी टोपी घातलेले सत्तरीचे एक गृहस्थ आले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, काही विशेष नाही असा चेहरा केला आणि पुढे गेले. चार पावलांवर गर्रकन वळून त्यांनी असे काही डोळे फाडले, की माझ्या पाठीमागे बिबट्या आहे याबद्दल माझी खात्रीच पटली. गटारातून वर पाहिलं तेव्हा ते काठावर उभे होते.

"सॉरी, साहेब. पर टायमिंग लय ब्येस होतं. माजं न्हवं, तुमचं!"

हे क्यानडाभाऊ. पाळण्यातलं नाव मारुती. हा माणूस म्हशीनं शेपटी मारली तर म्हशीला सॉरी म्हणतो. म्हैसही मग ओशाळल्यासारखी दिसते.

तरुणपणी ते लोणावळ्यात एका हॉटेलात वेटर होते. कुणाच्या तरी ओळखीनं टोरंटोला गेले आणि तिथल्या हॉटेलात वेटर झाले. म्हणजे वाढली ती फक्त थंडी. तिथं एके दिवशी टीव्हीवरच्या विनोदी मालिकेचं शूटिंग चाललं होतं. भाऊ ट्रे घेऊन चालले होते. त्यांनी नायिकेकडे पाहिलं. आपण काय पाहिलं हे चार पावलं गेल्यावर त्यांच्या डोक्यात शिरलं. ते वळले आणि सगळं सूप दिग्दर्शकाच्या मांडीवर. मालकानं काढून टाकलं, दिग्दर्शकानं ठेवून घेतलं.

पुढे तीस वर्षं भाऊंनी तिकडच्या पडद्यावर एवढंच केलं. पाहायचं, पुढे जायचं, वळून दचकायचं. भूमिका दोनच, टॅक्सीवाला नाहीतर कोपऱ्यावरचा दुकानदार. "आपल्या रंगाच्या मानसाला तिसरा धंदा असतोय, ह्ये त्यास्नी सुचतच न्हाई," असं ते तक्रार न करता सांगत. पण कलेबद्दल बोलताना गंभीर होत. "चार पावलं, साहेब. तीन टाकली तर लोकास्नी कळत न्हाई. पाच टाकली तर लोकं घरी जात्यात."

भाऊ कायमचे परतले तेव्हा गावानं शाळेत सत्कार ठेवला. शाल, नारळ, माईकची शिट्टी, सगळं यथासांग झालं. मग भिंतीवर त्यांची कामं दाखवली. गाव नायक बघायला आलं होतं. भिंतीवर भाऊ गल्ल्यावर बसलेले. नायक आला, बिस्किटं उचलून गेला, भाऊ दचकले. दुसऱ्या मालिकेतही गल्ला, तिसऱ्या मालिकेतही गल्ला. शेवटी मागून एक म्हातारबा उठले.

"तीस वर्सं क्यानडात ऱ्हाऊन ह्यानं दुकानच चालवलं व्हय? मग हितं काय चिक्कीची दुकानं कमी हुती?"

त्या संध्याकाळी सगळ्यात मोठ्यानं हसले ते भाऊच.

ते परत का आले, यावर गावात दोन पक्ष होते. एक म्हणे जमीन विकायला, दुसरा म्हणे जमीन घ्यायला. मीही चहाच्या टपरीवर दोन्ही पक्षांत बसून घेतलं. भाऊंनी मला सरळ सांगितलं होतं, पण इतकं साधं कारण टपरीवर चालत नाही.

"आक्का मला इसरली, साहेब. आई गेली तवा मी चार वर्सांचा. तिनंच वाढवला. आता मला बघती आन् इचारती, कोन रं बाबा तू? भाऊबीजंपत्तुर मी तिला वळख दिऊन ऱ्हानार. तिनं मारुती म्हनून ओवाळलं पायजे. तुमी आन् वैनी, दोघं या. साक्षीदार पायजेत."

भाऊबीजेला संध्याकाळी आम्ही दोघं चिवड्याचा डबा घेऊन गेलो. आक्का ओसरीवर तबक घेऊन बसल्या होत्या, नवं लुगडं नेसून. समोर पाट, भोवती रांगोळी. नव्या सदऱ्यातले भाऊ पुढे झाले आणि पाटावर बसले.

आक्कांनी तबकावर पदर धरला. "ऊठ, ऊठ. त्यो पाट माज्या भावाचा हाय."

"आक्के, मीच मारुती."

"माजा मारुती येवढासा हाय. शाळंत गेलाय." त्या तबक घेऊन मागे सरकल्या. "कोन रं बाबा तू? कशापायी आलायस?"

भाऊ ताबडतोब उठले. "सॉरी," म्हणाले. अंगणात उतरले. आता जातात की काय, असं मला वाटलं. ते चालू लागले. चौथ्या पावलाला वळले आणि आक्कांकडे बघून असे दचकले, जणू साक्षात देवीच ओसरीवर बसली आहे.

आक्का क्षणभर बघत राहिल्या. मग तोंडाला पदर लावून हसल्या. हसता हसता डोळ्यांना पाणी आलं. "आत्ता गं बया! परत कर की!"

भाऊंनी परत केलं. तिसऱ्यांदाही केलं.

"लय द्वाड हायेस," आक्का म्हणाल्या. "तुला भैन न्हाई व्हय रं?"

भाऊ ओसरीच्या पायरीशी आले. "हाय. पर मी आलोय, त्ये तिला ठावं न्हाई."

"आगं बाई. मंग ती बिचारी वाट बघत असंल की." त्यांनी पाटाकडे पाहिलं, मग रस्त्याकडे पाहिलं. "बस हितं. मारुती यीस्तवर तिच्या वाटचं मीच ओवाळते."

भाऊ टोपी नीट करून पाटावर बसले. आक्कांनी ओवाळलं, तोंडात लाडू भरवला आणि पाहुण्याला उपाशी धाडत नाहीत म्हणून आणखी एक हातावर ठेवला. मी साक्षीदार होतो, पण कौलांकडे बघत होतो.

परतताना आमच्या घराची पायरी आली तेव्हा बायको म्हणाली, "अहो, उद्या मी तुम्हाला विसरले तर मला हसवायला तुम्हाला काय येतं? काही तरी शिकून ठेवा आत्तापासून."